फाइलवर लिहिलंय... सस्पेक्ट!

पुण्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या नावाची एक फाइल आहे. फिकट हिरवी. तिच्या पहिल्याच पानावर डॉक्टर मॅडमनी बॉलपेनने दोन शब्द लिहून ठेवलेत : 'ग्लॉकोमा सस्पेक्ट'. सस्पेक्ट! म्हणजे चक्क संशयित. वय वर्षं ३३, हिंजवडीत नोकरी, ईएमआय वेळेवर भरणारी, सिग्नल पाळणारी (पोलीस नसला तरी, बहुतेक वेळा), आणि आता संशयित. नवऱ्याला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, 'जामीन मिळाला का?'

मिळाला. सहा-सहा महिन्यांच्या हजेरीवर.

ग्लॉकोमा म्हणजे आपला काचबिंदू. हा शब्द आपल्या कानावर कायम मोतीबिंदूच्या जोडीने येतो, त्यामुळे ही दोन सख्खी भावंडं असावीत आणि दोन्ही आजी-आजोबा लोकांचीच मक्तेदारी असावी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात दोघांचं नाव सोडलं तर काहीच जुळत नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की संध्याकाळी आजोबा घरी, आणि आठवड्याभरात 'अरे, भिंतींचा रंग असा होता होय!' हे सुरू. काचबिंदूत बिघडते ती डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस. ती गेली की गेली. ती बदलून मिळत नाही, दुरुस्त होत नाही. जे उरलंय तेवढं सांभाळायचं, एवढंच हातात असतं.

आणि वयाचं म्हणाल तर युटू बँडचा बोनो आठवतोय? बंद खोलीतसुद्धा गॉगल घालणारा? सगळ्यांना वाटायचं रॉकस्टारची स्टाइल आहे. २०१४ मध्ये त्याने टीव्हीवर सांगून टाकलं की गेली वीस वर्षं आपल्याला काचबिंदू आहे. म्हणजे हिशेब करा, तेव्हा तो ऐन तिशीत होता. फुटबॉलवाल्यांना हॉलंडचा एडगर डेव्हिड्स ठाऊक असेल. मैदानात गॉगल लावून धावणारा तो केसाळ मिडफील्डर. तोही काचबिंदूवाला. १९९९ मध्ये ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तो त्या गॉगलसकट खेळत राहिला.

माझ्या फाइलचा उगम मात्र एवढा ग्लॅमरस नाही. तो सांगलीत, बाबांच्या अ‍ॅक्टिव्हाच्या डाव्या आरशात आहे.

बाबा बँकेतून रिटायर झाले त्याला पाच वर्षं झाली. रोज सकाळी विश्रामबागेतून निघायचं, मंडईत जायचं, भाजी, पेपर, कुणीतरी भेटलं की चहा. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अ‍ॅक्टिव्हाचा डावा आरसा तुटला. रिक्षावाल्याने घासून नेलं म्हणाले. दिवाळीच्या सुमाराला पुन्हा तुटला. पुन्हा डावाच. घरात तिपाईला धडक, दाराच्या चौकटीला खांदा, आईने डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप हमखास लवंडलेला. आईचं निदान ठरलेलं होतं : 'अहो, तुमचं लक्षच नसतं!' बाबांचं निदान : 'चष्म्याचा नंबर वाढलाय.' जवळच्याच एका चष्म्याच्या दुकानात त्यांनी वर्षभरात दोनदा नंबर बदलून घेतला. दोन्ही वेळा समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी खडाखडा वाचून दाखवली. दुकानदार खूश, बाबा खूश, आणि तक्ता तर समोरचंच बघायला सांगतो ना! बाजूचं कोण विचारतंय?

मग एका मंगल कार्यालयात मोफत मोतीबिंदू तपासणीचं शिबिर लागलं. बाबा मोठ्या आशेने गेले, एकदाचं ऑपरेशन करून मोकळं होऊ म्हणून. तिथल्या तरुण डॉक्टरने डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी केली, भिंगातून आत पाहिलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, 'काका, मोतीबिंदू अगदीच किरकोळ आहे. पण तुमची नस मला आवडली नाही. उद्याच्या उद्या काचबिंदूच्या डॉक्टरांना दाखवा.'

दाखवलं. डाव्या डोळ्याचं प्रेशर ३४, उजव्याचं २८. साधारणपणे ते १० ते २१ मिलिमीटर मर्क्युरीच्या दरम्यान असतं. रिपोर्टात डाव्या डोळ्याच्या नजरेचा नकाशा होता. त्यात नाकाकडची वरची बाजू पूर्ण काळी, खालच्या बाजूला काळ्याची कमान, बाहेरच्या कडेलाही काळं पसरलेलं आणि मध्यभागी एक पांढरं बेट. उजवा डोळा बराच बरा होता. दुखणं नाही, लाली नाही, पाणी येणं नाही. वर्षानुवर्षं काहीच कळलं नव्हतं!

हे कसं होऊ शकतं, हे मला कळेना. म्हणजे मोबाइलच्या स्क्रीनवर एक पिक्सेल गेला तरी आपण दुकानात जाऊन भांडतो. इथे माणसाची अर्धी नजर जाते आणि त्याला पत्ता नाही?

तर त्यामागचा फंडा असा. तुम्हाला वाटतं गेलेली नजर काळी दिसेल. नाही दिसत. मेंदू हा भलताच तरबेज फोटोशॉपवाला आहे. जिथून माहिती येत नाही, तिथे तो आजूबाजूचा रंग उचलतो आणि भरून टाकतो. रस्त्यावर डावीकडे रिक्षा आहे, पण तिथून सिग्नल येत नाही. मग मेंदू तिथे रस्ताच रंगवतो. मोकळा, छान, डांबरी. रिक्षा गायब! शिवाय डोळे दोन असतात. एकाचं न दिसणारं दुसरा सांभाळून घेतो, थेट दोघंही थकेपर्यंत. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ५० काचबिंदूच्या रुग्णांना वेगवेगळे फोटो दाखवून विचारलं, यातलं कुठलं चित्र तुम्हाला दिसतं त्याच्या जवळचं आहे? काळ्या बोगद्याचं चित्र एकानेही निवडलं नाही. काही जागा पुसट किंवा चक्क नसलेल्या, असंच बहुतेकांचं म्हणणं होतं. पोस्टरांवर मात्र आजही तो काळा बोगदाच छापतात. त्या पोस्टरमुळेच, मला वाटतं, लोक बोगद्याची वाट बघत बसतात.

आता प्रेशर कशाचं, तेही सांगते. ब्लडप्रेशरचा आणि याचा थेट हिशेब नाही. आपल्या डोळ्यात आतल्या आत एक पाणी सतत तयार होत असतं. अश्रू वेगळे, हे वेगळं. ते बाहुलीतून पुढे येतं, बुबुळ आणि त्यावरची पारदर्शक काच जिथे भेटतात त्या कोपऱ्यात जातं आणि तिथल्या बारीक जाळीतून निचरून रक्तात मिसळतं. बाथरूमसारखंच समजा. नळ चालू, जाळी मोकळी, सगळं आलबेल. जाळी आतून हळूहळू तुंबली की पाणी चढतं. हा बाबांचा प्रकार, वर्षानुवर्षं गुपचूप चालणारा. दुसऱ्या प्रकारात जाळी ठीक असते, पण कुणीतरी त्यावर पायपुसणं टाकावं तसं बुबुळच कोपऱ्यावर येऊन बसतं. हा प्रकार आपल्या आशियाई लोकांमध्ये गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आढळतो.

दाब वाढला की त्याचा मार डोळ्याच्या मागच्या नसेवर. ती नस म्हणजे दहा लाखांहून जास्त बारीक तंतूंची केबल. तंतू एकेक करून मरतात, बाहेरच्या नजरेचे आधी, मधल्या नजरेचे सगळ्यात शेवटी. म्हणूनच तक्ता वाचणारा माणूस पास होत राहतो. यात आणखी एक गोम आहे. काहींची नस १६ च्या दाबालाही खचते आणि काहींची २५ लाही टिकून राहते. त्यामुळे ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये त्या मशीनने डोळ्यावर हवेची 'फुस्स' मारली आणि आकडा नॉर्मल आला, तेवढ्यावर 'सुटलो बुवा' म्हणता येत नाही. नस डोळ्यांनी बघावी लागते.

२०१० मध्ये आपल्याकडच्याच नेत्रतज्ज्ञांनी मांडलेला अंदाज सांगतो की भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू आहे. आणि दक्षिण भारतात घरोघरी जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यांत ज्यांना काचबिंदू सापडला त्यांच्यातल्या दहापैकी नऊहून जास्त जणांना तो आहे हेच माहीत नव्हतं. म्हणजे बाबा बहुमतात होते. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी निघताना विचारलं, 'मुलं किती?' आईला वाटलं गप्पा मारतायत. ती कौतुकाने सांगायला लागली, मुलगा न्यू जर्सीला, मुलगी पुण्याला. डॉक्टर म्हणाले, 'दोघांनाही तपासून घ्यायला सांगा. भावंडं असतील तर त्यांनाही.' आई-वडील किंवा सख्खी भावंडं यांच्यापैकी कुणाला काचबिंदू असेल, तर आपला धोका कित्येक पटींनी वाढतो. वाड्यातला हिस्सा मिळो न मिळो, हा वारसा मिळू शकतो.

म्हणून मी एका शनिवारी सकाळी, मॉल आणि ब्रंच सोडून, त्या दवाखान्यात बसले होते.

एकेक तपासणी म्हणजे एकेक लेव्हल होती. आधी डोळा बधिर करून त्याला निळा दिवा हलकेच टेकवून प्रेशर मोजलं : १७. मी खूश. मग एक छोटीशी लेन्स डोळ्यावर ठेवून तो 'कोपरा' पाहिला. कोपरा उघडा, जाळी दिसतेय. मी आणखी खूश. मग मॅडमनी विचारलं, 'लॅसिक कधी केलंस?'

आता हा माझ्या पिढीतल्या मुलींचा नाजूक विषय. उणे साडेपाचचा जाड चष्मा होता, २७ वं वर्ष लागलं होतं आणि घरात 'स्थळं' हा शब्द रोज जेवणात असायचा. एका मावशीने सुचवलं, आईने उचलून धरलं आणि एका शुक्रवारी लेसरने माझा चष्मा गेला. (स्थळांतून काही जमलं नाही. नवरा ऑफिसच्या कॅब-पूलमध्ये भेटला. त्याला चष्मा आहे.) ऑपरेशन मस्त झालं, तक्रार शून्य. पण लॅसिकमध्ये डोळ्याची पुढची काच लेसरने तासून पातळ करतात, आणि प्रेशर मोजणारं यंत्र तीच काच दाबून आकडा सांगतं. काच पातळ असली की ती सहज दबते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. सरासरी जाडी साधारण ५४० मायक्रॉन असते. माझी निघाली ४६५. म्हणजे माझा तो गोंडस १७ हा खरा १७ नव्हताच! शिवाय जाड मायनस नंबर असणाऱ्यांना काचबिंदूचा धोका मुळातच जास्त. लॅसिकने चष्मा जातो, पण डोळा लांबटच राहतो आणि त्याच्याबरोबरचा धोकाही. तेव्हा लॅसिक झालेल्या तमाम मित्रमैत्रिणींनो, डोळ्याच्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की विचारलं नाही तरी सांगा. डोळ्याकडे नुसतं बघून ते सगळ्यांच्या लक्षात येईलच असं नाही. आणि ऑपरेशनआधीचे जाडीचे, नंबरचे रिपोर्ट कुठेतरी जपून ठेवा. लग्नाच्या अल्बमशेजारी ठेवलेत तरी चालेल.

पुढची लेव्हल नजरेच्या परिघाची. ही एकदा तरी अनुभवावी अशी चीज आहे. एक डोळा झाकायचा, हनुवटी एका वाटीत टेकवायची, समोर मोठा पांढरा घुमट. मध्यभागी एक दिवा, त्याच्याकडेच बघायचं, बाकी कुठेही नाही. आजूबाजूला बारीक ठिपके लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. व्हिडिओ गेमच, फक्त स्कोअर दिसत नाही. पहिल्या मिनिटात मला घाम फुटला. कितीतरी वेळ काहीच दिसेना. आपली नजर गेली, संपलं सगळं, बाबांची सांगली आणि माझं हिंजवडी... नंतर टेक्निशियनने सांगितलं की सगळ्यांचंच असं होतं. यंत्र मुद्दाम ठिपका मंद मंद करत नेतं, तुम्हाला दिसेनासा होईपर्यंत. त्यामुळे जवळजवळ निम्मे ठिपके न दिसणं हाच त्या परीक्षेचा नियम. हे आधी सांगितलं असतं तर माझं बरंच रक्त आटायचं वाचलं असतं! आणि हो, चीटिंग करू नका. अंदाजाने बटण दाबलं किंवा इकडेतिकडे पाहिलं की यंत्राला कळतं, आणि रिपोर्टवर ते छापून येतं.

शेवटी नसेचा स्कॅन. नस जिथे डोळ्यात उघडते, तिथे एका बशीत खळगा असावा तसं दिसतं. तंतू कमी झाले की खळगा मोठा होत जातो. साधारणपणे बशीच्या तुलनेत तो ०.३-०.४ असतो. माझा ०.६. नजरेचा नकाशा मात्र स्वच्छ, तंतूंची जाडी ठीकठाक. मॅडम म्हणाल्या, 'काहींचा खळगा जन्मापासूनच मोठा असतो. तुझा तसाच असेलही. पण वडिलांना आहे, नंबर होता, काच पातळ आहे. आज औषध द्यायचं कारण नाही आणि तुला सोडून द्यायचंही कारण नाही. सहा महिन्यांनी ये.' आणि त्यांनी ते दोन शब्द लिहिले.

'आजार आहे' हे समजू शकतं, 'आजार नाही' हेही. 'बघू' हे पचवायला मला वेळ लागला. आमच्या प्रोजेक्टमध्ये दोन कलर असतात, लाल आणि हिरवा. पिवळं काही दिसलं की मॅनेजर मीटिंग लावतो. इथे मला अनेक वर्षं पिवळ्यात राहायचंय. पहिल्या महिन्यात मी रोज सकाळी ब्रश करताना एकेक डोळा झाकून बाथरूमच्या टाइल्स मोजायचे. मॅडमना सांगितलं तर हसल्या. मेंदूचा फोटोशॉप टाइल्सही रंगवतो, असं म्हणाल्या.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे वाचायला लागले. आणि काय काय सापडलं! न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये ४० पुरुषांना टाय घट्ट बांधायला लावला आणि तीन मिनिटांनी डोळ्याचं प्रेशर मोजलं, तर बहुतेकांचं वाढलेलं. गळ्याची शीर दाबली जाते, म्हणून. टाय सैल केला की उतरतं, पण क्लायंट मीटिंगला गळफास लावणाऱ्या आमच्या सेल्सवाल्यांना मी हे आवर्जून ऐकवलं. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये शीर्षासन करणाऱ्यांचं प्रेशर मोजलं. आसनात असताना ते सरासरी दुप्पट होतं! माझ्या योगा क्लासच्या सरांना सांगितलं. सर जरा नाराज झाले, पण माझं शीर्षासन बंद. बाकी सगळी आसनं चालू आहेत. चालणं, पळणं, सायकल हे उलट चांगलंच, त्याने प्रेशर थोडं उतरतं. जिममध्ये श्वास रोखून जड वजन उचलताना मात्र ते चढतं. एक लिटर पाणी एका दमात ढोसल्यानेही थोडा वेळ चढतं, म्हणून घोट घोट प्या.

ऑफिसमधल्या एका हुशार मुलाने गांजाचा विषय काढला. १९७१ मध्ये अमेरिकेत तसं दिसलं होतं हे खरं. गांजाने प्रेशर उतरतं, पण जेमतेम तीन-चार तास. म्हणजे औषध म्हणून वापरायचं तर दिवसरात्र ओढत बसावं लागेल, मग नजर राहिली तरी नोकरी राहणार नाही. डॉक्टर ते सुचवत नाहीत. आणि तो नेहमीचा प्रश्न : दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसल्याने काचबिंदू होतो का? नाही. डोळे कोरडे होतात, जळजळतात, डोकं धरतं, पण ते खातं वेगळं.

सगळ्यात जास्त काळजी वाटावी अशी गोष्ट मात्र केमिस्टच्या काउंटरवर आहे. आमच्या टीममध्ये २३ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला लहानपणापासून अ‍ॅलर्जी, डोळे लाल, खाज. कुणीतरी एकदा ड्रॉप्स लिहून दिले. दोन दिवसांत आराम. मग दर वेळी तीच रिकामी बाटली दाखवायची आणि नवी आणायची, चिठ्ठी कोण मागतंय! ते स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातले तर काहींच्या डोळ्यातली ती जाळी तुंबते. माझी गोष्ट ऐकून तो तपासायला गेला. एका डोळ्याच्या नसेला मार बसलाय. ड्रॉप्स बंद केले, प्रेशर उतरलं, पण गेलेले तंतू गेलेच. वय २३! पावसाळ्यात डोळे आले की आपण घरातल्या कपाटात जुन्या बाटल्या शोधतो. त्या बाटलीवरचं नाव कधीतरी वाचा. शेवटी 'सोन' येणारं काही असेल, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय एक थेंबही नको.

आणि ते पायपुसण्यावालं प्रकरण कधीकधी एका रात्रीतही होतं. माझ्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंना गणपतीत अचानक अर्धं डोकं दुखायला लागलं, उलट्या, दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं. घरात एकमत झालं : पित्त! आमसुलाचं पाणी झालं, गोळी झाली. एक डोळा लाल आणि दगडासारखा कडक झालाय, हे दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं. लेसरने बुबुळाला बारीक भोक पाडून पाण्याला वाट करून दिली, डोळा वाचला, नजर थोडी गेली. डोकेदुखी, उलटी आणि एकच डोळा लाल, असं त्रिकूट दिसलं तर पित्ताची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

इकडे सांगलीत आता रोज रात्री नऊला थेंबांचा कार्यक्रम असतो. एक बाटली रात्री एकदा, दुसरी दिवसातून दोनदा. पहिले दोन महिने युद्ध होतं. बाबांचं म्हणणं, 'घालून फरक काही पडत नाही.' बरोबरच आहे. थेंबांनी नजर सुधारत नाही, काहीच जाणवत नाही, उलट थोडं चुरचुरतं. फरक पडू नये म्हणूनच घालायचे असतात! हे बँकेच्या भाषेत सांगितलं तेव्हा पटलं : 'बाबा, हा इन्शुरन्सचा हप्ता आहे. मॅच्युरिटीला काही मिळणार नाही.' दम्याचा त्रास असेल तर यातले काही थेंब चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी आधी तेही विचारून घेतलं. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत आईची एक मालिका हुकते, हा तिचा त्याग. रात्रीच्या थेंबांचा एक साइड इफेक्ट मजेशीर आहे. पापण्या लांब, दाट, काळ्याभोर होतात. याच जातीचं एक औषध अमेरिकेत २००८ पासून खास पापण्या वाढवण्यासाठी विकायला परवानगी मिळाली, एवढा तो परिणाम पक्का. सत्तरीकडे झुकलेले बाबा आता हिरोइनसारखे दिसतात. आई म्हणते, 'मेलं मला नाही झालं हे कधी.'

प्रेशर आता दोन्हीकडे सोळा-सतराच्या आसपास आहे. थेंबांऐवजी लेसर हाही पर्याय असतो. इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात, २०१९ मध्ये, सुरुवातीलाच जाळीवर लेसर केलेल्या चारपैकी जवळजवळ तिघांना तीन वर्षं थेंबांची गरज पडली नव्हती. बाबांची गाडी त्यापुढे गेलेली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून पाण्याला नवी वाट काढायची का, ते पुढच्या रिपोर्टवर ठरेल.

अवघड होतं ते अ‍ॅक्टिव्हाचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, 'काका, गाडी नको.' बाबा घरी येऊन काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने किल्ली घेऊन निघाले. आई दारात उभी. 'अहो...' एवढंच म्हणाली. मी वीकएंडला गेले तर किल्ली टीव्हीवर, तशीच. 'तुम्ही सगळे मला म्हातारा करून टाका,' असं ते मला म्हणाले, आणि मी उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांच्या नजरेचा नकाशा फोनवर उघडला. मग चालत चालत आम्ही चौकापर्यंत गेलो. मी त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले, जराशी मागे. म्हटलं, समोर बघत राहा, मी कुठल्या क्षणी दिसते ते सांगा. मी एकेक पाऊल पुढे येत गेले. सांगायला फारच उशीर झाला त्यांना. मी जवळजवळ समोर आले होते.

'तू होतीस तिथे? आत्तापर्यंत?' त्यांनी विचारलं.

गाडी आता शेजारच्या मुलाला दिलीय, कॉलेजला जायला. त्याने आल्याआल्या डावा आरसा नवा बसवून घेतला. बाबा मंडईत चालत जातात, येताना रिक्षा. चहा मात्र वाढलेत, कारण चालताना जास्त माणसं भेटतात म्हणे.

राहिला दादा. न्यू जर्सीत, ३८ वर्षांचा, चष्मा उणे सहाचा, सुट्टी नाही, 'मला काही त्रास होत नाहीये गं' या एकाच वाक्यावर तो आठ महिने टिकून होता. मी त्याला अंक, टक्के, फोटो सगळं पाठवून पाहिलं. शेवटी बाबांनीच फोन केला. काय बोलले माहीत नाही, आई म्हणते दोनच मिनिटं बोलले. दादाने पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय. त्याला मी फक्त एवढं लिहून दिलंय : नुसता चष्म्याचा नंबर नको, बाहुली मोठी करून नस बघा म्हणावं, कोपरा बघा, काचेची जाडी मोजा. आणि वडिलांना आहे, हे पहिल्या वाक्यात सांग. गाडी घेऊन जाऊ नकोस, बाहुली मोठी केल्यावर चार-पाच तास सगळं धूसर दिसतं. वहिनी सोडायला जाणार आहे.